व्हीएम उठत नाही? आधी विचारा, अपडेट कोणाचं झालं!

हॉस्टेलमध्ये कोणाचं व्हर्च्युअल मशीन अपडेटनंतर सुरू झालं नाही, की सगळ्या विंगकडून एकच सल्ला मिळतो : "डिलीट मार आणि नवीन टाक!" सल्ला देणाऱ्याचं काय जातं? उबुंटूचं जवळजवळ सहा जीबीचं आयएसओ आपल्या वाय-फायवर उतरवायला अख्खी रात्र लागते, ते एक वेळ चालेल. पण आत ओएस लॅबचे प्रोग्रॅम्स असतात, मिनी प्रोजेक्टचा डेटाबेस असतो. ते कोण परत आणून देणार? म्हणून हा लेख. उदाहरणं व्हर्च्युअलबॉक्सची घेतली आहेत, कारण माझ्या ओळखीच्या बहुतेकांकडे तेच आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एकाच्या पोटात एक असे दोन कॉम्प्युटर. बाहेरचा खरा लॅपटॉप तो होस्ट, आतला तो गेस्ट. (होस्टला मी 'यजमान' असा शुद्ध मराठी शब्द वापरणार होते. पण "यजमान बंद पडल्यास काय करावे" हे वाक्य आईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती पाच मिनिटं नुसती हसत होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे तोटे! तेव्हा होस्टच बरा.) अपडेट या दोघांपैकी कोणाचंही झालेलं असू शकतं, आणि आपण नेमकं तेच विचारायला विसरतो.

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एका ज्युनिअरच्या बाबतीत हेच झालं. सबमिशनची आदली रात्र, मशीन उठेना. कोणीतरी तो प्रसिद्ध सल्ला दिला. मशीन काढताना व्हर्च्युअलबॉक्सने "सगळ्या फाइल्सही डिलीट करू का?" असं विचारलं, तिने 'हो' दाबलं. सात प्रॅक्टिकल्सचा कोड गेला. रात्रभर जागून नवीन मशीन उभं केलं, तर तेसुद्धा अगदी त्याच एररवर अडलं! म्हणजे जुन्या मशीनला काहीच झालं नव्हतं. बिघाड बाहेर होता, लॅपटॉपच्या विंडोजमध्ये, आणि शिक्षा आतल्या बिचाऱ्या गेस्टला झाली.

हे ओळखायचं कसं? मशीन कुठपर्यंत पोहोचतंय ते बघा. स्टार्ट दाबल्या दाबल्या एररची खिडकी आली आणि आतला काळा पडदा उघडलाच नाही, तर संशय होस्टवर. व्हर्च्युअलबॉक्सचा लोगो आला, ग्रबचा मेनू आला, ओळी सरकायला लागल्या आणि मग गाडी थांबली, तर होस्टने आपलं काम केलेलं आहे, बिघाड बहुधा गेस्टमध्ये. तरी शंका असेल तर एखादं दुसरं मशीन सुरू करून पाहा. दुसरं नसेल तर रिकामं नवीन बनवा, डिस्कसुद्धा देऊ नका, फक्त एखादं आयएसओ लावा. तेही उठलं नाही, तर जुन्या मशीनला हातही लावायचा नाही.

आधी होस्टचं बघू. एररच्या खिडकीत 'ई-फेल' असं काहीतरी आणि एक लांबलचक आकडा असतो. सगळे तोच आकडा शोधत बसतात. त्याला काही अर्थ नाही. तो आकडा म्हणजे "पेशंट आजारी आहे" एवढंच सांगणारा डॉक्टर. कामाची असते ती 'व्हीईआरआर' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ. खिडकीत ती दिसली नाही तर मशीनवर राइट क्लिक करून 'शो लॉग' उघडा आणि तळाकडून वर वाचत जा.

विंडोज होस्टवर नेहमीचा गुन्हेगार म्हणजे हायपर-व्ही. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची जी सोय असते, ती विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायझरने आधीच धरून ठेवली, की व्हर्च्युअलबॉक्सला ती थेट मिळत नाही. मग मशीन एक तर उठत नाही, नाहीतर खिडकीच्या तळाशी छोटं हिरवं कासव दिसतं आणि मशीन खरोखरच कासवासारखं चालतं. हा हायपरवायझर अपडेटनंतर चालू झालेला सापडतो, कधी 'मेमरी इंटेग्रिटी' या सुरक्षेच्या सेटिंगमुळे, तर कधी आपणच डब्ल्यूएसएल किंवा डॉकर टाकलेलं असतं म्हणून. डॉकर लागणारच असेल तर कासव सहन करा. दोन्ही फुल स्पीडने हवं, हा हट्ट सोडावा लागतो.

दुसरी शक्यता, बायॉसचं अपडेट. काही लॅपटॉपना ते विंडोज अपडेटबरोबरच गुपचूप येतं आणि सेटिंग्ज मूळपदावर जातात. इंटेलवर 'व्हीटी-एक्स' आणि एएमडीवर 'एसव्हीएम' बायॉसमध्ये जाऊन परत चालू करावं लागतं. दोन मिनिटांचं काम.

ज्यांचा होस्टच लिनक्स आहे त्यांची गंमत वेगळी. व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर ज्या कर्नेलसाठी बनवलेला असतो त्याच्यावरच चालतो. कर्नेल बदललं की ड्रायव्हर नव्याने बनवावा लागतो, आणि त्यासाठी नव्या कर्नेलच्या हेडर फाइल्स लागतात. त्या नसल्या की 'कर्नेल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', कोड उणे १९०८. हेडर्स टाका आणि 'व्हीबॉक्सकॉन्फिग' ही कमांड रूट म्हणून चालवा. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हरवर सहीसुद्धा लागते, नाहीतर कर्नेल त्याला दारातच अडवतं. आणखी एक, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नेलपासून केव्हीएम हे मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरच्या त्या सोयीचा ताबा घेऊ लागलं. त्यामुळे तेव्हा अनेकांची व्हर्च्युअलबॉक्सची मशीन्स 'व्हीएमएक्स रूट मोड'च्या तक्रारीवर अडली. केव्हीएमचं मॉड्यूल काढलं की ती चालत होती. इथेही गेस्ट निर्दोष!

आता गेस्ट. अपडेट आतल्या उबुंटूचं झालं असेल तर पहिली गोष्ट, जुनं कर्नेल. उबुंटू नवीन कर्नेल टाकताना आधीचं ठेवून देतो. मशीन सुरू होताना आतल्या खिडकीत एकदा क्लिक करून शिफ्ट दाबून धरा (मशीन ईएफआयवर असेल तर एस्केप), ग्रबच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' घ्या आणि आधीच्या नंबरचं कर्नेल निवडा. निम्मी मशीन्स इथेच उठतात, असा माझा अनुभव.

नवीन कर्नेल का उठलं नाही? बऱ्याचदा डिस्क भरलेली असते. आपण मशीन बनवताना काटकसर करून दहा-पंधरा जीबी देतो. कर्नेलला मूळ डिस्क वाचण्याआधी काही ड्रायव्हर्स लागतात, त्यांचं गाठोडं म्हणजे इनिट्रॅमएफएस. अपडेटच्या वेळी जागा संपली किंवा मध्येच लाइट गेली, तर हे गाठोडं अर्धवट राहतं. मग कर्नेल उठतं, डिस्क शोधतं, सापडत नाही, आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणून पॅनिक करतं. जुन्या कर्नेलवर आत गेलात की 'डीएफ'ने जागा बघा, एपीटीचा साठा साफ करा, 'डीपीकेजी'ला राहिलेलं कॉन्फिगर पूर्ण करायला सांगा आणि शेवटी 'अपडेट-ग्रब'.

कधीकधी मात्र दोष अपडेटचा नसतोच, रीस्टार्टचा असतो. आपण मशीन कधी बंद करतो? नुसतं 'सेव्ह स्टेट' करून लॅपटॉप मिटवतो. महिन्याभरापूर्वी 'एफएसटॅब'मध्ये कोणीतरी चुकीची ओळ घातलेली असते. अपडेटमुळे खरा रीस्टार्ट होतो तेव्हा ती बाहेर येते, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं, आणि शिव्या अपडेटला पडतात! त्या सेव्ह स्टेटचा आणखी एक घोळ आहे. व्हर्च्युअलबॉक्सचंच व्हर्जन बदललं तर जुनी सेव्ह केलेली स्थिती त्याला कधीकधी वाचता येत नाही. अशा वेळी 'डिस्कार्ड' करावं लागतं. नाव भीतीदायक आहे, पण परिणाम चालू कॉम्प्युटरची वायर उपटल्याइतकाच : उघडं, न सेव्ह केलेलं काम जातं, डिस्क राहते. होस्टचं मोठं अपडेट करण्याआधी गेस्ट नीट शटडाउन करा, हा प्रश्नच येत नाही.

आणि काहीच जमलं नाही तर? तर लक्षात ठेवा, आतली अख्खी हार्ड डिस्क म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक फाइल आहे, व्हीडीआय. मशीन उठत नाही म्हणजे फाइल मेली असं नाही. पहिलं काम, मशीनचा सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी. नुसती व्हीडीआय नको हं, स्नॅपशॉट घेतले असतील तर ताजा डेटा 'स्नॅपशॉट्स' फोल्डरमधल्या फाइल्समध्ये असतो, मूळ व्हीडीआयमध्ये जुनीच स्थिती असते. मग त्याच मशीनला उबुंटूचं आयएसओ व्हर्च्युअल सीडी म्हणून लावा, 'ट्राय उबुंटू'ने उठवा, आतली डिस्क माउंट करा आणि आपला कोड बाहेर काढा. आयएसओ विंगमध्ये कोणाकडे तरी असतंच.

हा काही हॉस्टेलचा जुगाड नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटलं. २१ इनपुट्सची अपेक्षा, मिळाले २०, आणि प्रोग्रॅम नसलेली मेमरी वाचायला गेला. ७८ मिनिटांत कंपनीने ते मागे घेतलं, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन्सना फटका बसला होता. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. खऱ्या कॉम्प्युटरसमोर माणसाने बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, २९१ नंबरची फाइल काढावी लागत होती. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनला तर समोर बसायलाही जागा नाही! तिथे काय केलं? आजारी मशीनची डिस्क काढली, दुसऱ्या धडधाकट मशीनला जोडली, ती एक फाइल उडवली आणि डिस्क परत जागेवर लावली. आपण आयएसओ लावून करतो तेच.

लॅबमधल्या मशीनचं असं झालं तर मात्र स्वतः काही काढू-घालू नका. लॅब असिस्टंट सरांना 'व्हीईआरआर'ची ओळ कागदावर लिहून द्या आणि अपडेट आतलं होतं की बाहेरचं, तेवढं सांगा.