शेजारच्या काकांची गाडी आणि माझं कॉस्टिंग

माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे "मराठी विभागासाठी एक लेख दे" असं मॅडम म्हणाल्या तेव्हा पोटात गोळाच आला. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये सांगताच आला नसता, कारण त्यातला मुख्य शब्द आहे 'भीड'. माझी आजी नेहमी म्हणते, "भीड भिकेची बहीण." या म्हणीचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला, तोही एका काळ्या स्विफ्टमुळे!

झालं असं. मी मेकॅनिकलला, आणि गाड्यांचं वेड लहानपणापासून. एका सीनियरकडून जुनं पॉलिशिंग मशीन ४८०० रुपयांना घेतलं. पैसे आईचे. परीक्षेची फी भरायच्या आत परत करीन असं कबूल केलं होतं. आधी बाबांच्या गाडीवर हात बसवला. ती चमकलेली बघून पेणला आमच्या शेजारी राहणारे काका म्हणाले, "अगं, आमची पण कर की अशी चकाचक. किती घेशील?"

आणि मी काय म्हणाले? "द्या काका, तुम्हाला काय द्यायचं ते."

इथेच चूक झाली.

डिटेलिंग म्हणजे नुसतं धुणं नव्हे

शनिवारी सकाळी दहाला सुरुवात केली. आधी शाम्पूने धुतली. मग क्ले बार फिरवून रंगावर चिकटलेली घाण काढली. हायवेची धूळ आणि बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग नुसत्या पाण्याने जात नाहीत. मग मशीनने पॉलिश, मग वॅक्स. शेवटी आतली सफाई.

पॉलिश करणं म्हणजे गाडीला काहीतरी लावणं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर पॉलिश थोडंसं काढून घेतं! रंगाच्या वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. बारीक ओरखडे घालवताना त्यातलाच थोडा थर घासला जातो. कडेला मशीन जास्त वेळ धरलं तर खालचा रंग उघडा पडतो आणि अख्खं पॅनेल पुन्हा रंगवावं लागतं. ही जोखीम काम करणाऱ्याच्या डोक्यावर असते. तिचीही किंमत असते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

मध्येच काकू आल्या, "अगं, मॅट पण धुऊन टाक." मग डिकी आली. मग काकूंची स्कूटर! आणि शेवटी काकांनी दारावरचा एक खोल ओरखडा दाखवला, "हा नाही गेला?" तो जाणारच नव्हता. ओरखड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं तर तो पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा समजावा. हे मी आधी सांगायला हवं होतं. रविवारचे तीन तास धरून एकूण दहा तास गेले. काकांनी प्रेमाने ५०० ची नोट हातावर ठेवली.

रात्रीचा हिशोब

रात्री सहज मांडून बघितलं:

शाम्पू – ४० रु.
क्ले बार (६०० रुपयांचा, सहा गाड्यांना पुरतो) – १०० रु.
पॉलिश – १२० रु.
वॅक्स – ९० रु.
आतल्या सफाईचं व टायरचं लिक्विड – ६० रु.
खराब झालेलं मायक्रोफायबर कापड – ४० रु.
एकूण – ४५० रु.

उरले ५० रुपये. दहा तासांचे ५० म्हणजे तासाला ५ रुपये! पण थांबा, मशीन कुठे धरलंय? ते ६० गाड्या चालेल असं मानलं तर ४८०० भागिले ६०, म्हणजे गाडीमागे ८० रुपये घसारा. पॅडची झीज २० रुपये. खर्च झाला ५५०. म्हणजे दहा तास राबून वर खिशातले ५० रुपये मीच घातले होते. आईचे पैसे असे कधी फिटणार?

त्याहून वाईट पुढेच झालं. मी काकांना टाळायला लागले. जिन्यात भेटले तर मोबाईल कानाला लावायचे. वास्तविक काकांचा काय दोष? त्यांनी किंमत विचारली होती, मीच सांगितली नव्हती. लहानपणापासून ज्यांच्या घरी हक्काने जेवले, त्यांच्याबद्दल मनात अढी बसली, आणि तीही माझ्याच भिडेमुळे.

गणपतीच्या कारखान्यातला धडा

माझ्या मैत्रिणीकडे गणपतीचा कारखाना आहे. पेणचे गणपती सगळीकडे जातात हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी तिच्या बाबांना विचारलं, "काका, तुम्ही ओळखीच्यांना काय भाव लावता?"

ते म्हणाले, "मूर्तीची किंमत उंचीवरून सुरू होते, पण तिथे संपत नाही. शाडूची की प्लास्टरची, रंगकाम किती, आणि डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची. आखणीला रंग थेंबभर लागतो, पण हात तयार व्हायला वर्षं जातात. शिवाय काम वर्षभर चालतं आणि पैसे येतात भाद्रपदात. तोवरचं जागेचं भाडं, कारागिरांचे पगार सगळं त्याच किमतीत बसवायचं."

"आणि शेजारी आला तर?"

"तर वहीत आधी पूर्ण किंमत लिहायची. तिच्याखाली सूट. घेणाऱ्याला कळलं पाहिजे की आपल्याला काय मिळालं, आणि देणाऱ्याला कळलं पाहिजे की आपण काय सोडलं."

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात प्राइम कॉस्ट, ओव्हरहेड, डेप्रिसिएशन सगळं मी पाठ केलं होतं. पण ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं असं वाटायचं. तेच सगळं गणपतीच्या वहीत साध्या मराठीत होतं.

रोह्याची गाडी

महिन्याभरात फोन आला. काकूंचे रोह्याचे भाऊ, म्हणजे माझे मामाच. ते धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. "५०० मध्ये करतेस ना? माझी वॅगनआर आहे."

या वेळी म्हणाले, "मामा, आधी गाडी बघते, मग सांगते." पेणहून कासू, नागोठणे, निडी करत गाडीने रोह्याला गेले. ज्यांचं बालपण रोह्यात गेलं ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. अशा गावात कच्चा हिशोब घेऊन जाणं काही बरं नव्हे!

गाडी उन्हात नीट बघितली, ओरखड्यांवर नख फिरवलं, आणि तिथेच कागदावर दोन पर्याय लिहिले.

पर्याय अ, पॉलिशसह: सामान ४३०, मशीन व पॅड १००, येणं-जाणं १२०, सात तासांची मजुरी ७००, किरकोळ ५०. एकूण खर्च १४०० रु. त्यावर २५ टक्के नफा ३५०. किंमत १७५० रु.

पर्याय ब, धुणं, आतली सफाई आणि वॅक्स: सामान २५०, येणं-जाणं १२०, चार तासांची मजुरी ४००, किरकोळ ३०. एकूण ८०० रु. नफा २००. किंमत १००० रु.

तासाला १०० कुठून आले? मी दहावीच्या मुलांच्या शिकवणीचे तेवढे घेते. तो तास गाडीला दिला तर शिकवणी बुडते, म्हणून निदान तेवढे तरी धरायचे. नफ्याची एक गंमत बघा. खर्चावर २५ टक्के म्हणजे किमतीच्या २० टक्के (१७५० पैकी ३५०). या दोन टक्केवाऱ्यांत घोळ करू नका.

कागदाखाली हेही लिहिलं: "खोल ओरखडे जाणार नाहीत. यादीबाहेरच्या कामाचे पैसे वेगळे."

मामा म्हणाले, "अगं, पेणला तर ५०० घेतलेस!"

मी म्हणाले, "मामा, तिथे माझा हिशोब चुकला होता. त्यात मला तोटा झाला."

त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पर्याय ब निवडला. ओळखीचे म्हणून मी १०० रुपये सूट दिली, तीही कागदावर लिहून. हिशोब करा: सूट १० टक्के, पण नफा २०० वरून १०० वर आला, म्हणजे निम्मा! सूट जरूर द्यावी, पण ती कशातून जाते हे माहीत असावं.

काम ठरलेल्या चार तासांत झालं. मामींनी वर घावणे खाऊ घातले.

शेवटी

पेणला आल्यावर आधी काकांकडे गेले आणि त्यांच्या गाडीचा हिशोब दाखवला. पैसे मागायला नाही, मन मोकळं करायला. काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, मग सांगायचंस ना! आम्हाला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, पोरीला पॉकेटमनी झाला."

तर मित्रांनो, एवढंच लक्षात ठेवा. आधी काम बघा, मग कामाची यादी लिहा, मग खर्च, मग आपला वेळ, मग नफा. माया असेल तर शेवटच्या ओळीत सूट लिहा. पण पहिली ओळ कोरी ठेवू नका.

दसऱ्याच्या आधी काकांनी पुन्हा हाक मारली, "गाडी करायची आहे. आधी कागद घेऊन ये!"

मी गेले. आणि हो, आईचे निम्मे पैसे फिटलेत.