शिल्लक रजा मित्राला देता येते का?

प्रश्न : आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलगी बरेच दिवस दवाखान्यात आहे. त्याची सगळी रजा संपून आता बिनपगारी सुरू झाली आहे. आम्हा काही जणांच्या खात्यावर मात्र अर्जित रजा नुसती पडून आहे. ती त्याच्या नावावर करता येईल का? जगात कुठे असं करतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सुखाचं आहे. हो, करतात, आणि तेही कायद्याने.

फ्रान्समध्ये साँ-गाल्मिये नावाच्या छोट्या गावात बादुआ या खनिज पाण्याचा कारखाना आहे. तिथल्या एका कामगाराच्या मुलाला कर्करोग झाला. बापाची रजा संपली, तेव्हा कारखान्यातल्या सोबत्यांनी आपापल्या रजेतले दिवस काढून त्याला दिले. ते भरले १७०. त्या दिवसांत बाप मुलाच्या उशाशी बसू शकला. २००९ च्या अखेरीस मुलगा गेला, अकरा वर्षांचा होता. ही सवलत एका कारखान्यापुरती न राहता सगळ्यांना मिळावी म्हणून बापाने पुढे पाठपुरावा केला आणि ९ मे २०१४ रोजी तसा कायदा झाला. लोक त्याला मुलाच्याच नावाने, ‘मॅथिस कायदा’ म्हणून ओळखतात. सुरुवातीला तो आजारी मुलांच्या आईबापांपुरता होता. २०१८ मध्ये घरच्या वृद्ध किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्यांना आणि २०२० मध्ये अपत्य गमावलेल्या पालकांनाही त्याचा लाभ मिळू लागला.

या कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी अट म्हणजे देणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. रजा मालकाच्या संमतीने जाते, तिचा मोबदला मिळत नाही आणि ती कुणी दिली हे घेणाऱ्याला कळत नाही. आता आपल्या ऑफिसातली वर्गणीची यादी आठवा. कागद टेबलाटेबलावरून फिरतो. सगळ्यांत वर साहेबांचा आकडा, मग त्याहून थोडा कमी हेडक्लार्कचा, आणि खाली प्रत्येकजण वरचा आकडा बघून आपला लिहितो. पुढे ती यादी ज्याच्यासाठी काढली त्याच्या हाती पडते. कुणी किती दिले हे त्याला जन्मभर पाठ राहतं, आणि ज्याने शंभरच दिले तो त्याची नजर चुकवत फिरतो. मदत खरी असते, पण तिच्यासोबत एक हिशेबवहीही त्या माणसाच्या घरात जाते. फ्रेंचांनी ती वहीच काढून टाकली. शिवाय देणाऱ्याने स्वतःला पिळून काढू नये म्हणून वर्षाच्या सुट्टीतले पहिले चार आठवडे देताच येत नाहीत, त्यावरचीच सुट्टी देता येते.

अमेरिकेने हे त्याआधीच, १९८८ मध्ये, आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केलं होतं. तिथला एक नियम वाचून हसू येतं आणि पटतोही : आपल्या थेट वरच्या साहेबाला रजा दान करता येत नाही. का, ते आपल्याकडच्या कुठल्याही कारकुनाला समजावून सांगायला नको. तसंच, संकट सरल्यावर न वापरलेली रजा देणाऱ्यांच्या खात्यावर परत येते.

आता तुमचा पहिला प्रश्न. आपल्याकडे सरकारी नोकरीत असं करता येत नाही. केंद्राचे १९७२ चे आणि महाराष्ट्राचे १९८१ चे रजा नियम, दोन्हींत रजा ज्याची त्याच्याच खात्यावर राहते. केंद्रात अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे होतात, पण शेजारच्या टेबलावर ती सरकत नाही. बालसंगोपनासाठी केंद्रात ७३० दिवसांची वेगळी रजा आहे, तीही महिलांना आणि एकट्या पुरुष पालकांना. बायको हयात असलेला बाप तिथे बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

तुमचं ऑफिस सरकारी की खासगी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सरकारी असेल तर सहकाऱ्याच्या अर्धपगारी रजेचा हिशेब आधी आस्थापना शाखेत काढून घ्या. ती फक्त स्वतःच्या आजारासाठी असते असं अनेकजण धरून चालतात. खासगी कामासाठीही ती मंजूर होऊ शकते. खासगी कंपनी असेल तर वाट जरा मोकळी आहे. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात साठवायची रजा ४५ दिवसांपर्यंत आहे. त्या किमान हक्काच्या वर कंपनी स्वतःहून जी रजा देते, तिच्यातून एक सामाईक साठा करण्याचा नियम व्यवस्थापनाने ठरवला तर काम होईल.

एक सावधगिरी. मस्टरवर मित्राची सही ठोकण्याची जुनी दोस्ती करू नका. त्यात दोघांचीही नोकरी जाऊ शकते.

रजा देता आली नाही, तरी आपल्या ऑफिसांत सोबत्यांसाठी जोखीम उचलण्याची एक रीत आहेच, आणि तिचं मोल आपण फार कमी ओळखतो : कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणं. दवाखान्याचं बिल भरायला कर्ज हवं असलं की फॉर्मवर जामीनदार म्हणून सहकाऱ्यांच्या सह्या लागतात. सही करणारा दोन मिनिटांत पेन खाली ठेवतो, पण हप्ते थकले तर वसुली त्याच्या पगारातून होऊ शकते. वर्गणीत शंभर-दोनशे जातात आणि विषय संपतो, जामीन मात्र वर्षानुवर्षं मानेवर असतो. घरी बायकोला न सांगता अशा सह्या केलेली माणसं प्रत्येक खात्यात सापडतात. (सांगून करावी, हे माझं मत.) वर्गणीपेक्षा ही मदत मला कितीतरी मोठी वाटते.

तेव्हा ऑफिस खासगी असेल तर तुम्ही सगळे मिळून व्यवस्थापनाला एक लेखी अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी मागा : रजेचा सामाईक साठा, देणाऱ्याचं नाव गुप्त, आणि उरलेली रजा परत. तोवर सहकाऱ्याची पाळी बदलून घेत असाल तर दर वेळी साहेबांची लेखी परवानगी घ्या.