वाकलेला कणा आणि पुढचं आयुष्य

प्रश्न : माझं वय ४७. आठवीत असताना पाठीच्या कण्यात वाक असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं, पण घरच्यांचा धीर झाला नाही. आता छातीच्या भागातला वाक ४५ अंश आहे. बराच वेळ उभं राहिलं की पाठ भरून येते. नातेवाईक म्हणतात, पुढे फुफ्फुसं दबतील, आयुष्य कमी होईल. हे खरं आहे का? योगासनांनी कणा सरळ होईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आयुष्याचं आधी सांगतो, कारण जिवाला घोर त्याचाच आहे. वयात येताना, ठोस कारणाशिवाय सुरू झालेल्या अशा वाकामुळे माणसं लवकर जातात, असं दीर्घ पाहणीत आढळलेलं नाही.

मग ही धास्ती आली कुठून? १९६८ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा रुग्णांचं भवितव्य फार वाईट दिसलं होतं. पण वेगवेगळ्या कारणांनी वाक आलेली माणसं त्यांत नीट वेगळी काढलेली नव्हती. पोलिओमुळे, जन्मजात दोषामुळे किंवा अगदी लहानपणी, फुफ्फुसांची वाढ होण्याआधीच आलेला मोठा वाक हा निराळा आणि जास्त गंभीर आजार आहे. तो तुमच्या खात्यावर मांडू नये.

तुमच्यासारख्यांची खरी हकीकत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने जपली. १९३२ ते १९४८ दरम्यान तपासलेल्या, पण उपचार न झालेल्या रुग्णांचा तिथल्या डॉक्टरांनी सुमारे पन्नास वर्षं मागोवा घेतला. त्यांच्यात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी होते. बाळांची वळलेली पावलं प्लास्टरने सरळ करण्याची पद्धत आपल्याकडेही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २००३ साली निष्कर्ष छापून आले. पाहणीच्या वेळी त्यातल्या ११७ रुग्णांचं सरासरी वय ६६ होतं. त्यांचं आयुर्मान इतरांसारखंच होतं. बहुतेकांनी नोकरी-संसार नेहमीसारखा केला होता.

त्रास मात्र होता, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुनाट पाठदुखी त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना होती. वाक नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ती ३५ टक्क्यांना होती. पण दुखणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश जणांनी ते दुखणं थोडं किंवा मध्यम असल्याचं सांगितलं. दम लागण्याचा धोका प्रामुख्याने छातीतला वाक ८० अंशांच्या वर गेलेल्यांत दिसला. शरीराच्या ठेवणीची खंतही अनेकांना होती. कुर्ता एका बाजूने वर ओढला जातो, एक खांदा उंच दिसतो, हे शल्य लहान नाही. ते ऐकून घेणारं माणूस घरात हवं.

आता तुमच्या ४५ अंशांकडे येऊ. वाढ थांबल्यानंतर ३० अंशांखालचा वाक सहसा वाढत नाही. ५० च्या पुढचा छातीतला वाक मात्र वर्षाला साधारण एक अंश पुढे सरकू शकतो. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून लक्ष ठेवणं हेच तुमचं मुख्य काम. हा कोन उभ्याने काढलेल्या, संपूर्ण कण्याच्या एक्स-रेवर मोजतात : वरच्या बाजूला सर्वांत कललेल्या मणक्याच्या माथ्यालगत एक रेघ, खालच्या बाजूला तशाच कललेल्या मणक्याच्या तळालगत दुसरी, आणि दोन्हींमधला कोन. मोजताना पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे यंदा ४५ आणि पुढच्या वेळी ४८ आला तर हाय खाऊ नका. पण दहा वर्षांपूर्वीची फिल्म ३५ दाखवत असेल, तर तो बदल खरा. म्हणून जुन्या फिल्म माळ्यावर टाकू नका, प्रत्येक तपासणीला सोबत न्या.

योगासनांबद्दल. पुण्यातच, मॉडेल कॉलनीत, बी. के. एस. अय्यंगार यांची १९७५ साली सुरू झालेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था आहे. भिंतीवरचे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं करण्याची त्यांची पद्धत जगभर गेली. असा आधार घेऊन, जाणकार शिक्षकासमोर केलेला व्यायाम पाठीचे स्नायू बळकट करतो, दुखणं हलकं करू शकतो. प्रौढ वयातला हाडांचा वाक त्याने सरळ होतो, याला मात्र भक्कम पुरावा नाही. तसं वचन कुणी देत असेल, तर तिथे पैसे भरू नका.

तुमच्या वयात आणखी एक गोष्ट महत्त्वाची : पाळी थांबण्याच्या सुमारास हाडं ठिसूळ होऊ लागतात. हाडांच्या घनतेची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना विचारा. रोज चाला, तंबाखू, सिगारेट यांपासून दूर राहा. पायात बळ कमी वाटलं, मुंग्या-बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, तर वेळ न दवडता अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम लागला, तर फुफ्फुसांची क्षमता तपासून घ्या.

आणि ऑपरेशन न केल्याचा दोष आई-वडिलांना देऊ नका, स्वतःलाही नाही. पुढे वाक खरोखर वाढला किंवा दुखणं आटोक्याबाहेर गेलं, तर प्रौढ वयातही ऑपरेशनचा विचार करता येतो. त्याचे धोके तरुणपणापेक्षा जास्त असतात, म्हणून तो निर्णय मोजमाप हातात घेऊन करायचा, नातेवाइकांच्या धास्तीवरून नव्हे.