पिंग जातंय, मग पान का उघडत नाही?

महाप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीचं नेटवर्क मी सांभाळतो. दुपारी फोन सुरू व्हायचे: "सर, नेट स्लो आहे." लाइन मात्र अर्धी रिकामी असायची. पिंग जायचं, चालू कॉल तुटत नव्हते, फक्त नवीन पान उघडत नव्हतं. अशी लक्षणं दिसली की इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी राउटरचं पॅट टेबल बघा.

पॅट म्हणजे पोर्ट ॲड्रेस ट्रान्सलेशन: शेकडो मशीन एकाच पब्लिक पत्त्यावरून बाहेर पडतात, ती पोर्ट नंबरच्या जोरावर. हा नंबर १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५५३५. सिस्कोचा राउटर शक्यतो मशीनने घेतलेलाच पोर्ट बाहेरही ठेवतो. १०.१.४.२१ ने ५०११२ घेतला, तर बाहेरही ५०११२. तेवढ्यात १०.१.७.८० नेही तोच घेतला, तर राउटर त्याच गटातला पहिला मोकळा पोर्ट देतो. गट तीन: ० ते ५११, ५१२ ते १०२३ आणि १०२४ ते ६५५३५. म्हणजे दुसऱ्या मशीनच्या वाट्याला १०२४ सुद्धा येऊ शकतो. फायरवॉलचे नियम लिहिताना बाहेरचा पोर्ट आतल्यासारखाच असेल, असं कधीही धरून चालू नका.

आमच्याकडे हजेरीचं एक सॉफ्टवेअर कनेक्शन उघडायचं आणि बंद न करताच सोडून द्यायचं. सिस्कोवर अशी टीसीपी नोंद मुळात २४ तास टिकते. टेबलमध्ये त्या एका मशीनच्या नोंदींची रांग संपता संपत नव्हती. मोकळे पोर्ट संपले की जुनी कनेक्शन चालू राहतात, पण नवीन उघडत नाही.

अशा वेळी सगळं टेबल साफ करू नका, सगळ्यांचे चालू कॉल तुटतात. त्या मशीनच्याच नोंदी काढा, दर मशीनला मर्यादा घाला, जमल्यास दुसरा पब्लिक पत्ता जोडा. नोंद टिकण्याचा टीसीपी टाइमआउटही कमी करा, पण २ तास ४ मिनिटांच्या खाली नको. आरएफसी ५३८२ ने ती किमान मर्यादा ठरवली आहे, कारण शांत कनेक्शन जिवंत ठेवणारा कीपअलाइव्ह साधारण दोन तासांनी जातो.

घरच्या राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी पत्ता दिसला, तर इंटरनेट कंपनीही पुढे असंच अनेकांना एका पब्लिक पत्त्यावरून बाहेर सोडते आहे. मग कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका, पब्लिक पत्ता मागा.

आणि लॉग ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ते १८० दिवस जपावे लागतात. नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. पोर्ट आणि नेमकी वेळ दोन्ही लागतात. त्यासाठी राउटरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी जुळवा. तेही त्याच आदेशात आहे.