आजीची हाडांची गोळी आणि काढलेली दाढ



हाडांचा पाठ शिकवताना आपण सांगतो की हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड झिजवतात, काही नवं भरतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये झीज वाढते, भर कमी पडते. मग अंगणात पाय घसरला तरी खुबा मोडतो. म्हणून आठवड्याला ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. ही औषधं झिजवणाऱ्या पेशींना आवरतात.

अडचण येते ती जबड्यात. तिथल्या हाडाची डागडुजी सतत चालू असते आणि वरची हिरडी पातळ. दाढ काढल्यावर मेलेलं हाड साफ करणाऱ्या पेशीच थंडावलेल्या असल्या, तर क्वचित खड्डा भरत नाही. हाड उघडं पडतं, पू येतो. आठ आठवडे उलटले तरी तसंच राहिलं तर डॉक्टर याच आजाराचा विचार करतात. वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच गालाची पोकळी, म्हणजे सायनस. संसर्ग तिथं चढला की एकाच बाजूचं नाक वाहतं, घाण वास येतो, आणि घरचे सर्दी समजून वाफ देत बसतात! (२०२१ची काळी बुरशी वेगळी, पण जागा तीच.)

अमेरिकेत डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये असे रुग्ण नोंदवले. पण सडलेला जबडा जुन्या काडेपेटी कामगारांनाही ठाऊक होता. कारण होतं पांढऱ्या फॉस्फरसची वाफ. भारतात त्या काड्यांवर १९१३ मध्ये कायद्याने बंदी आली. वर्गात काडेपेटी दाखवून हे जरूर सांगा, मुलं विसरत नाहीत.

घाबरून गोळी मात्र बंद करू नका. ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्या दहा हजारांत साधारण एक ते दहा जणांनाच हा त्रास होतो. कर्करोगातल्या मोठ्या डोसला धोका जास्त. खुबा मोडण्याची भीती त्याहून कितीतरी मोठी आहे. डेनोसुमॅब तर मनाने थांबवलं की मणके मोडू शकतात.

औषध सुरू करण्याआधीच दात तपासून घ्यावेत, किडलेली दाढ तेव्हाच काढावी. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या आज्यांच्या हिरड्या आधीच खराब असतात, त्यांचं तर आधी बघा. औषध चालू असेल तर नांदेड-लातूरच्या दंत महाविद्यालयात जा नाहीतर गावातल्या दवाखान्यात, दाढेला हात लावू देण्याआधी औषधाचं नाव सांगायचं. आज्या "हाडाची गोळी" एवढंच सांगतात. इंजेक्शन तर सहा महिन्यांपूर्वीचं, ते कुणाला आठवणार? म्हणून नातवंडांना गृहपाठ द्या: पाकिटावरचं नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख कागदावर लिहून आजीच्या फाईलला लावायची.