जलतरण तलावावरील कापडी छत : वजनाचे नव्हे, ओढीचे गणित

उघड्या जलतरण तलावावर सावलीसाठी ताणलेले कापड इतके हलके असते की खांब ते पेलून धरण्यासाठी उभे केले आहेत, असे मालकालाच काय, पुष्कळदा कारागिरालाही वाटते. वास्तविक त्या खांबांची कसोटी कापड खाली येऊ नये म्हणून नव्हे, तर ते वर उडून जाऊ नये म्हणून लागते. छत्तीसगडच्या नवा रायपुरात हा फरक फार महाग पडू शकतो, कारण शेतजमिनींवर आखलेल्या या राजधानीत इमारती आणि झाडे अजून विरळ असून पावसाळ्यापूर्वीच्या अंधडाला, म्हणजे धुळीच्या वादळाला, आडोसा असा मिळत नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात (२०१५) रायपुरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले असता चौरस मीटरमागे ९०० न्यूटनांहून थोडा अधिक, म्हणजे ९० किलोंच्या वर दाब निघतो, आणि १०० चौरस मीटरच्या छतावर तो नऊ टनांपलीकडे जातो. छताचा आकार, भोवतालचा भूभाग आणि अपेक्षित आयुष्य यांच्या गुणकांनी हा आकडा बदलतो, जाळीतून थोडा वारा निसटतोही. पण विचार करायचा तो टनांत, किलोंत नव्हे.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट आणून ती चार पाइपांना सपाट बांधणे. सपाट कापडाला लंब दिशेने येणारा जोर अडवण्यासाठी वक्रताच नसते, त्यामुळे ते फडफडत राहते आणि कोपऱ्यातल्या कड्यांपासून फाटत जाते. समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली ठेवले की कापडाला खोगिराचा आकार येतो. मग एका दिशेचे धागे वरून येणारा दाब घेतात, तर दुसऱ्या दिशेचे धागे खालून उचलणारा वारा रोखतात. फ्राय ओटो या जर्मन वास्तुविशारदाने साबणाच्या पातळ पडद्यांवर प्रयोग करून असे आकार शोधले, आणि म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या छतांमध्ये, ज्यांत जलतरणगृहाचेही छत आहे, त्यांचा भव्य आविष्कार झाला. कापडाची कडही सरळ न ठेवता आत वळलेली, लांबीच्या साधारण दशांशाइतकी खोल कापून तिच्या नेफ्यातून तारदोर ओवावा लागतो. ही खोली निम्मी केली, तर दोरातला ताण दुप्पट होतो, हे सावली वाढवण्याच्या मोहात विसरले जाते. जलरोधक कापडाचा आग्रह तर बहुधा अनाठायीच असतो, कारण पोहणारा आधीच ओला असतो आणि उतार कमी पडून १० चौरस मीटरवर सरासरी १० सेंटिमीटर पाणी साचले की एक टन वजन डोक्यावर येते.

सावली कुठे पडेल, हा प्रश्न नकाशावर सुटत नाही. रायपुर सुमारे २१.२५ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस, नौतपाच्या म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व सावली छताच्या थेट खाली पडते. परंतु मुले पोहायला येतात त्या चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर उतरलेला असतो आणि ४ मीटर उंचीवरच्या कापडाची सावली जवळपास ६ मीटर पूर्वेकडे सरकते. म्हणून छत पश्चिमेकडे तलावाबाहेर वाढवणे किंवा त्या बाजूची कड खाली आणणे भाग पडते.

जमिनीकडे तर फारच कमी लक्ष जाते. छत्तीसगडच्या मैदानातली काळी कन्हार माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात उथळ रोवलेला खांब हळूहळू कलतो आणि कापड न कापता, न फाटता त्यातला ताण नाहीसा होतो; मुरमाड भाठा जमिनीत ही अडचण कमी असते, पण खोदाई अवघड जाते. पाया कोणत्याही मातीत ओढीच्या हिशेबाने, म्हणजे काँक्रीटचे वजन आणि खोली यांवर ठरवावा लागतो.

तलावातल्या क्लोरीनच्या बाष्पाचा परिणाम कोपऱ्यांतल्या धातूच्या जोडांवर, म्हणजे कापड अडकवणाऱ्या शॅकलवर आणि ताण कमी-जास्त करणाऱ्या टर्नबकलवर होतो. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली बंदिस्त तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण दगावले, कारण ते लटकवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना ताण आणि क्लोराइड यांच्या संयुक्त परिणामाने तडे गेले होते. उघड्या तलावावर पाऊस धातू धुऊन काढतो खरा, पण छताखाली झाकलेल्या जोडांपर्यंत तो पोचत नाही. तेवढेच जोड साध्या पाण्याने वेळोवेळी धुवावे आणि भिंगाने तपासावेत.

जिथे अंधडाचा इशारा मिळताच कापड उतरवायचे ठरते, तिथे ते कोण उतरवणार, शिडी आणि पाना कुठे ठेवले जाणार, आणि भर तणावातला कोपरा आधी टर्नबकल सैल करून दोघांनी मिळूनच सोडायचा, हे करारातच लिहिलेले असावे. कारण ज्या दिवसांत सावली सर्वाधिक हवी असते, त्याच दिवसांत संध्याकाळी वारा उठतो.