आधी कान ठरवतात : 'ट्विन पीक्स' मालिकेच्या संगीतावरून एक पाठ



टीव्हीवर मालिका चालू असते. एक नवं पात्र दारातून आत येतं. ते अजून एक शब्दही बोललेलं नसतं, तरी घरातलं सात-आठ वर्षांचं मूल सांगून मोकळं होतं, "हाच वाईट आहे!" त्याला कसं कळलं? चेहरा तर त्याने नीट पाहिलेलाही नसतो. खरं म्हणजे पार्श्वसंगीताने त्याच्या कानात आधीच सांगून ठेवलेलं असतं. डोळे बघतात, पण निकाल बऱ्याचदा कान देतात.

थरारक मालिकांमधलं संगीत वातावरण कसं तयार करतं आणि माणसाचं चित्र कसं रंगवतं, हे आज एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू या.

मालिकेची ओळख

'ट्विन पीक्स' ही अमेरिकन मालिका एप्रिल १९९० मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. निर्माते डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट, संगीतकार अँजेलो बदलामेंटी. वॉशिंग्टन राज्यातलं, कॅनडाच्या सीमेजवळचं एक काल्पनिक छोटं गाव. लॉरा पामर या शाळकरी मुलीचा मृतदेह सापडतो आणि एजंट डेल कूपर तपासाला येतो. एवढीच गोष्ट असती तर ती नेहमीची पोलीसकथा झाली असती. तिला वेगळं केलं त्यात संगीताचा वाटा फार मोठा आहे.

एक सूचना आधीच देते : ही मालिका मोठ्यांसाठी आहे, मुलांना दाखवू नका. आपण ती समजून घ्यायची आणि मुलांना फक्त त्यातल्या धुना ऐकवायच्या.

१. शीर्षकसंगीत : भीती न दाखवता हुरहूर

खुनाची मालिका म्हटली की सुरुवातीला काय अपेक्षा असते? धडधडणारे ढोल, सायरन, पळणारी पावलं. इथे यातलं काहीच नाही. फांदीवर बसलेला पक्षी, लाकडाच्या गिरणीतली यंत्रं, धबधबा, संथ पाणी. सोबत खर्जातल्या गिटारचे सावकाश सोडलेले सूर आणि मागे पसरलेला सिंथेसायझर. या शीर्षकधुनेला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

ऐकणाऱ्याला भीती वाटत नाही, हुरहूर लागते. गाव सुंदर आहे आणि इथलं काहीतरी कायमचं हरवलंय, असं वाटतं. म्हणजे संगीताने पहिल्याच मिनिटात प्रेक्षकाचा प्रश्न बदलला. 'खून कोणी केला?' याच्या जोडीला 'काय गमावलं?' हाही प्रश्न मनात आला.

२. एकाच धुनेचे दोन चेहरे

'लॉरा पामरची धून' हा या मालिकेचा प्राण. बदलामेंटी यांनी ती कशी तयार झाली ते मुलाखतीत सांगितलं आहे. ते की-बोर्डवर बसले होते, लिंच शेजारी. लिंच यांनी काळोखं जंगल, वारा, चंद्र असं वर्णन करायला सुरुवात केली. मग झाडांमागून एक दुःखी, सुंदर मुलगी येते, जवळ येत राहते आणि शेवटी पुन्हा अंधारात निघून जाते. लिंच बोलत गेले आणि बदलामेंटी वाजवत गेले. धून तिथेच जन्माला आली.

धुनेची रचनाही तशीच आहे. सुरुवात खाली, गडद, जागच्या जागी फिरणारी. मग सूर बदलतो आणि चाल हळूहळू वर चढते, जणू ढग बाजूला होतात. अगदी वरच्या स्वरावर जाऊन पुन्हा उतरते आणि परत त्या काळोखात येते.

हा बदल मुलांना शाळेतल्या पेटीवर दाखवता येतो. पांढरी एकला षड्ज धरा.

- पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच एकत्र दाबा : सा, कोमल ग, प.
- आता काळी दोन सोडून पांढरी तीन घ्या : सा, शुद्ध ग, प.

एकच पट्टी शेजारी सरकली, पण वर्गातले चेहरे बघा! पाश्चात्त्य संगीतात पहिल्या स्वरमेळाला मायनर आणि दुसऱ्याला मेजर म्हणतात. लॉराची धून या दोन रंगांमध्ये ये-जा करते.

मात्र 'कोमल गंधार म्हणजे दुःख' असं सूत्र फळ्यावर लिहू नका. काफी रागात गंधार आणि निषाद कोमल आहेत आणि त्याच काफीत होळीची रंगेल गाणी गायली जातात. लय, स्वरांची उंची, वाद्य, मधल्या जागा, सगळं मिळून भाव तयार होतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. लॉरा कथा सुरू होण्याआधीच गेलेली आहे. तपास पुढे जातो तशी तिच्याबद्दल उलटसुलट माहिती बाहेर येते. गावाची लाडकी, अभ्यास शिकवणारी, गरजूंना जेवण पोचवणारी मुलगी; तीच व्यसनात आणि वाईट संगतीत अडकलेली. लोक चटकन म्हणतील, "म्हणजे ती चांगली नव्हतीच." धून तसं म्हणू देत नाही. तिच्यात काळोखही आहे आणि वर चढणारा उजेडही, दोन्ही खरे. पोलिसांच्या फायलीत जी माहितीचा ढीग झाली, तिला संगीत माणूस म्हणून परत उभं करतं.

२०१७ साली, पंचवीसहून जास्त वर्षांनी, मालिका पुन्हा आली. त्यात लॉराचा जुना मित्र बॉबी तिचा फोटो बघतो आणि तीच धून सुरू होते. तो रडायला लागतो. संवादाने जे सांगायला दहा मिनिटं लागली असती, ते चार-पाच स्वरांनी सांगितलं.

३. पात्राची चाल आणि उलटं संगीत

ऑड्री ही श्रीमंत हॉटेलमालकाची मुलगी. तिच्या वाट्याला आलं आहे जॅझ : चुटक्यांचा ठेका, व्हायब्राफोन, आळसावल्यासारखी लय. खोडकर, स्वप्नाळू, थोडी धोकादायक. एका प्रसंगात ती खानावळीत हेच संगीत ऐकत एकटीच डोलू लागते. आपण ज्याला पार्श्वसंगीत समजतो, ते तिलाही ऐकू येतंय! कथेच्या आतलं संगीत आणि कथेबाहेरचं संगीत हा फरक समजावायला याहून सोपं उदाहरण नाही.

दुसरं उदाहरण लॉराच्या वडिलांचं, लीलंडचं. मुलगी गेल्यावर हा माणूस घरात ग्लेन मिलरच्या बँडची १९४० ची एक उडती नाचाची तबकडी लावतो आणि तिचा फोटो छातीशी धरून गोल गोल नाचतो, रडत. दुःखाच्या प्रसंगाला दुःखी व्हायोलिन लावलं असतं तर आपण हळहळलो असतो आणि विसरलो असतो. इथे आनंदी संगीत आणि तुटलेला बाप यांचा मेळ बसत नाही, म्हणून अंगावर काटा येतो. या माणसाच्या आत काहीतरी बिनसलंय, हे कोणी न सांगता कळतं.

आणि संगीत नसतानाही कान काम करतातच. पामर कुटुंबाच्या जिन्यावरचा छताचा पंखा फिरताना दाखवतात. पंखाच तो, आपल्या घरात असतो तसा! पण पुन्हा पुन्हा दाखवून आणि त्याच्या घरघरीने तो भीतीदायक करून टाकलाय.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. एक मुलगा दप्तर घेऊन रिकाम्या वऱ्हांड्यातून चालतोय, असा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढा. त्याला तीन वेगवेगळी संगीतं लावून दाखवा. प्रत्येक वेळी विचारा : हा कोण आहे? कुठे चाललाय? त्याच्या मनात काय आहे? उत्तरं वहीत लिहून घ्या. मुलगा तोच, मग गोष्टी तीन कशा झाल्या, यावर चर्चा करा.

२. पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या कथेतलं पात्र घ्या. त्याला कोणतं वाद्य, कोणती लय द्याल आणि का? 'का' चं उत्तर पाठातल्या वाक्याच्या आधाराने द्यायचं. पात्रपरिचय लिहायला कंटाळणारी मुलंही यात बोलतात.

३. पालकांसाठी : घरातल्या मालिकेची पाच मिनिटं आवाज बंद करून बघा, मग तीच आवाजासह. भित्र्या मुलाला "त्यात काय घाबरायचं!" असं म्हणण्यापेक्षा आवाज बंद करून दाखवा. भीती कुठून येत होती ते त्याला स्वतःलाच सापडतं.

हे शिकवायचं कशासाठी?

कारण हीच युक्ती मालिकेबाहेरही चालते. जाहिरातीत, रीलमध्ये, बातमीच्या मागे वाजणाऱ्या ढोलांत. बातमी ऐकायच्या आधीच 'हा गुन्हेगार' असं मनात ठरलेलं असतं. ज्या मुलाला "हे मला कोणी वाटायला लावलं?" असं विचारता येतं, त्याला फसवणं अवघड जातं.

शिक्षकांसाठी आणखी एक. आपल्या डोक्यातही प्रत्येक मुलाची एक धून वाजत असते. शेवटच्या बाकावरचा तो वर्गात शिरला की एक सूर, पहिल्या बाकावरची ती आली की दुसरा. मग तो काहीही करो, आपल्याला तेच ऐकू येतं. लॉराच्या धुनेत मात्र काळोखानंतर सूर वर चढतो. उद्या हजेरी घेताना एखाद्या नावाशी थांबून बघा, त्या मुलाची धून आपण पूर्ण ऐकली आहे का?